डावीकडचा चौथा दात

आमच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा आलेल्या पेशंटला दहा-पंधरा मिनिटं तरी तोंड उघडून दाखवता येत नसे. तो बिचारा खुर्चीवर टेकल्या टेकल्या सवयीनं आ करायचा आणि डॉक्टर हात वर करून म्हणायचे, "थांबा. आधी बोला. मी अजून काही बघितलेलं नाही. बाई, लिहा, अजून काही बघितलेलं नाही."

बाई म्हणजे मी. माझं काम लिहिण्याचं. उमरेडला मॅट्रिक झाले, टायपिंगची परीक्षा दिली आणि नागपुरात प्रताप नगरला मामाकडे राहायला आले. धंतोलीतल्या या दवाखान्यात नोकरी मिळाली ती अक्षर बरं होतं म्हणून. मुलाखतीत डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला. "तुमच्या नात्यात वकील कोण कोण आहेत?" मी म्हटलं, "कोणीच नाही, वडील विणकर आहेत." ते बराच वेळ माझ्याकडे नुसते बघत राहिले. एवढ्या साध्या गोष्टीत मी खोटं का बोलेन हे मला कळेना, पण बघता बघता मलाच वाटू लागलं की एखादा चुलत मामा वकील असेलही.

वाकडे दात तारा लावून सरळ करणं हे त्यांचं काम. सत्तरची सालं संपत आली होती. नागपुरात हे काम करणारे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लोकांना तारांची भीती वाटायची, आणि डॉक्टरांना लोकांची. समोर बसलेला हा माणूस आज ना उद्या आपल्याला कोर्टात खेचणार, हे गृहीत धरूनच ते त्याच्या तोंडात आरसा घालायचे. खरं तर दातांच्या डॉक्टरवर नागपुरात कोणी दावा लावल्याचं माझ्या ऐकण्यात नव्हतं. मी एकदा तसं म्हटलंही.

"म्हणजे पहिला मान माझा," ते म्हणाले. चेष्टेत नाही, अगदी गंभीरपणे.

पेशंटची तक्रार रजिस्टरात त्याच्याच शब्दांत लिहायची असा नियम होता. सुरुवातीला मी निबंधासारखं लिहून ठेवलं, 'दात पुढे आल्यामुळे मुलाच्या मनास क्लेश होतात.' डॉक्टर तडकले. "क्लेश? ही बाई क्लेश म्हणाली? काय म्हणाली ती?" ती म्हणाली होती, "माह्या पोराले शाळेतले पोट्टे फावडा म्हणून चिडवतेत." "मग तेच लिहा. उद्या ती म्हणेल, मी असं काही बोललेच नव्हते. आणि ती खरंच बोललेली नाही." तेव्हापासून रजिस्टरात फावडा आला, करवत आली, 'मले हसाले लाज वाटते' हे तर किती वेळा आलं. लिहून झालं की पेशंटनं वाचायचं, सही करायची. वाचता येत नसेल तर मी मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि अंगठा घ्यायचा. शाईचा पॅड पुढे केला की लोक बिचकायचे. काटोलकडचा एक म्हातारा तर उठून उभाच राहिला. "डॉक्टरसाहेब, मी नातवाचे दात दाखवाले आलो, वावर विकाले नाही आलो!" बाहेर बसलेली सगळी माणसं हसली. डॉक्टर हसले नाहीत. हे वाक्यही त्यांनी मला लिहायला लावलं आणि त्याच्याखाली म्हाताऱ्याचा अंगठा घेतला.

प्रत्येकाच्या तोंडाचं माप घेऊन प्लास्टरचा साचा करायचा. तारा लावण्याआधी एक, मध्ये एक, शेवटी एक. "दात सरळ झाले की लोक आधीचं तोंड विसरतात," ते म्हणायचे. "आपण जन्मलोच असे, असं वाटू लागतं त्यांना." मे महिन्यात माप घ्यायचा लगदा वाटीतच घट्ट व्हायचा, तोंडापर्यंत पोचायचाच नाही. मग रजिस्टरात नोंद व्हायची : 'माप दुसऱ्यांदा घेतले. कारण ऊन.' साचे ठेवायला त्यांनी सीताबर्डीच्या एका मिठाईवाल्याकडून रिकामे डबे आणले. आठवडाभरात कपाटाला मुंग्यांची रांग लागली. दुसरा कोणी डबे बदलून मोकळा झाला असता. डॉक्टर भिंग घेऊन दोन दिवस साच्यांचा एकेक दात तपासत बसले. मुंग्यांनी प्लास्टर कुरतडलं असलं तर पुरावा बदलला, असं त्यांचं म्हणणं. मुंग्यांना त्यातला बर्फीचा चुराच हवा होता हे त्यांना पटायला मुंग्या स्वतःहून निघून जाव्या लागल्या.

काही शब्द दवाखान्यात बोलायची बंदी होती. नक्की, शंभर टक्के, आणि काळजी करू नका. मी एकदा एका घाबरलेल्या आईला सवयीनं म्हणून गेले, "काळजी करू नका हो." ती गेल्यावर डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "उद्या काही झालं तर ती काय म्हणेल माहीत आहे? मला दवाखान्यातून सांगितलं होतं काळजी करू नका, म्हणून मी केली नाही." मी विचारलं, मग काय म्हणायचं? त्यांनी थोडा विचार केला. "योग्य तेवढी काळजी करा, असं म्हणा." हे वाक्य मी वर्षभर लोकांना ऐकवलं. ऐकून एकाही आईचा जीव शांत झालेला मला आठवत नाही.

संत्र्याच्या दिवसांत नरखेडकडचे पेशंट हमखास दांडी मारायचे. संत्री उतरवायचा तोडा चालू असताना पोरांच्या तारा घट्ट करायला नागपूरला कोण येणार? अशा प्रत्येकाला एक पोस्टकार्ड जायचं, की आपण अमुक तारखेस आला नाहीत, तारा तशाच राहिल्यास दातांना अपाय होऊ शकतो. ते कार्ड टाकल्याचा पोस्टातून शिक्का आणायचा, कागद फाइलला लावायचा. खिडकीवरचा बाबू मला विचारायचा, "काहो ताई, डॉक्टरकडे लगन निघालं का? रोजच कार्डं!" तोडा संपला की तेच लोक संत्र्याची पेटी घेऊन यायचे. डॉक्टर ती खाली उतरवू द्यायचे नाहीत. 'संत्री आणली. परत केली.' हेसुद्धा मीच लिहायचं. संत्री मला फार आवडतात, तेव्हा ही नोंद लिहिताना माझं अक्षर जरा बिघडत असे.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की माणूस नुसता तऱ्हेवाईक होता. तसं नाही. त्यांचा हात फार हलका होता. तार आवळताना पोरांच्या डोळ्यांत पाणी आलं की ते थांबायचे, आणि पुन्हा हात लावण्याआधी विचारायचे. आतल्या खोलीचं दार कधी बंद केलेलं मी पाहिलं नाही. मुलीबरोबर आलेल्या आईची खुर्ची अशी ठेवलेली असे की तिला सगळं दिसावं. आता दुसऱ्या दवाखान्यांत जाते तेव्हा मला त्या खुर्चीची आठवण होते.

पण सगळ्यात जास्त संशय त्यांना माझा होता. म्हणून ते मुद्दाम चुका लिहायचे. चिठ्ठीत बापाच्या नावाच्या जागी आजोबांचं नाव, मंगळवारी बुधवारची तारीख, वरच्या दाताला खालचा. मी वाचून चूक दाखवून दिली की काही न बोलता दुरुस्त करायचे. नाही पकडलं तर म्हणायचे, "बाई, तुम्ही वाचता की नुसतं उतरवता?" असं दोन वर्षांत दोनदाच झालं. पुढे पुढे मला ते कागद वाचायची खुमखुमी आली. शाबासकी कधी मिळाली नाही, पण ते पेन उचलून चूक खोडायचे तेव्हा मनातल्या मनात मी एक गुण घ्यायची. घरीसुद्धा मामी किराण्याची यादी करायला लागली की मी वरून डोकवायची. मामी म्हणायची, "तुह्या डॉक्टरची हवा लागली वं तुले."

एक दिवस मात्र फार वाईट झालं. इतवारीतल्या एका मुलीचे दात आमच्याकडे सरळ झाले होते. तिचं लग्न ठरत आलं होतं. मुलाकडच्या दोन बायका दवाखान्यात आल्या, गोड बोलल्या, आणि हळूच मला विचारू लागल्या की मुलीचे दात मुळात कसे होते. मी काही सांगितलं नाही. पण बातमी कुठून तरी गेली, बोलणी फिसकटली, आणि मुलीची आई येऊन सगळ्या पेशंटांसमोर ओरडून गेली. डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही बोललात?"

"नाही."

"मग तसं लिहून द्या."

मी लिहून दिलं. 'दवाखान्यातील कोणतीही गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नाही.' खाली सही केली. त्यांनी कागद दोनदा वाचला, तारीख घातली आणि खणात ठेवून किल्ली फिरवली. किल्ली फिरताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशी आई उमरेडहून आली होती. माझा चेहरा बघून तिनं विचारलं, "काहून वं, काय झालं?" मी सांगितलं. आई भडकली. "त्याले म्हणाव, माह्या पोरीवर भरोसा नसन तर दुसरी पाह्य. तुही सही घेते? तू चोर हायेस का?" आईचं बोलणं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. दोन वर्षं त्या माणसाचे कागद डोळ्यांत तेल घालून वाचले, आणि बदल्यात हे. मला इतका राग पूर्वी कधी आला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी नरखेड तालुक्यातल्या एका गावाहून एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी तेरा-चौदा वर्षांची. उजवीकडचा सुळा हिरडीवर उंच चढलेला, कारण खाली त्याला जागाच नव्हती. जागा करायची तर त्याच्या मागचा दात काढायला हवा होता. वरचा उजवा, मधून मोजत गेलं तर चौथा. दात काढायचं काम डॉक्टर स्वतः करत नसत. महाल भागातल्या एका जुन्या दंतवैद्यांकडे चिठ्ठी द्यायचे. चिठ्ठीची कार्बन कॉपी आमच्याकडे राहायची.

मुलीचा साचा हातात उलटा धरून, बापाशी बोलत बोलत, त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि पाकिटात घालायला माझ्यापुढे सरकवली. मी वाचली. 'वरचा डावा, चौथा.'

दहा मिनिटांपूर्वी मीच रजिस्टरात उजवा लिहिला होता. मुलगी समोर होती, सुळा डोळ्यांना दिसत होता. मी मनात म्हटलं, काल सही घेतली आणि आज पुन्हा परीक्षा. आज नाही देत परीक्षा. आज तुमची चूक तुम्हीच काढा. ते म्हणणार, बाई, तुम्ही वाचता की नुसतं उतरवता, आणि मी म्हणणार, ज्याच्यावर विश्वास आहे त्याला वाचायला द्या. उत्तर अगदी तोंडावर तयार होतं. मी चिठ्ठीची घडी घातली, पाकीट चिकटवलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी ते बापाच्या हातात दिलं. बाप दाराशी गेला, मला वाटलं आता हाक मारतील. जिन्यावर चपला वाजल्या, मला वाटलं आता. डॉक्टरांनी हात धुतले आणि पुढच्या पेशंटला आत घ्यायला सांगितलं. तेव्हा मला कळलं. ही परीक्षा नव्हती. ते खरंच चुकले होते. अजूनही मी धावत जिना उतरले असते तर बापलेक कोपऱ्यावरच भेटले असते. पण मग डॉक्टरांनी विचारलं असतं, तेव्हाच का नाही बोललात? मी उठले नाही. महालातला डॉक्टर काही आंधळा नाही, त्याला दिसेलच, अशी समजूत घालून मी पुढच्या पेशंटचं नाव लिहिलं.

महालातल्या डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं तोच दात काढला.

पंधरा दिवसांनी मुलगी परत आली. डॉक्टरांनी तिच्या तोंडात आरसा घातला आणि दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा बघितल्या. कॉपी मागितली. मी दिली. त्यांनी ती वाचली, साचा बघितला, पुन्हा वाचली. त्या कागदाखेरीज दुसरा पुरावा त्यांच्याविरुद्ध नव्हता, आणि तो त्यांच्याच हातात होता. मूळ चिठ्ठी महालात जपून ठेवली असेल असं मला वाटत नव्हतं, त्यांनाही वाटत नसणार. मी बघत होते. खरं सांगते, मला वाटलं आता तो कागद खणात जाणार.

"चुकीचा दात निघाला," ते बापाला म्हणाले. "उजवा काढायचा होता. मी चिठ्ठीत डावा लिहिला."

"म्हंजे चांगला दात गेला?"

"हो."

"अन् चूक त्या महालवाल्याची?"

"नाही. माझी."

बापानं डोळे बारीक केले. "डॉक्टरसाहेब, तुम्ही हे आपल्या मनानं काहून सांगून राहिले?"

"तसं झालं आहे म्हणून."

"नाही, नाही. डॉक्टर कधी आपली चूक सांगते का? तुम्ही एवढी सांगून राहिले म्हंजे याच्याहून मोठं काहीतरी लपवून राहिले."

डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या तोडीचा माणूस भेटला होता. दुसऱ्या कोणत्याही दिवशी मला हसू आवरलं नसतं. त्यांनी त्याला शांतपणे समजावलं की आता उजवाही काढावा लागेल, दोन्ही बाजू सारख्या होतील, दात नीट बसतील, पण वर्षभर जास्त लागेल. आणि एक धडधाकट दात गेला तो गेला. मग त्यांनी कार्बन कॉपी त्याच्या हातात दिली. "ही ठेवा. वकिलाला दाखवायची असेल तर दाखवा." बापानं कागद उलटून मागची कोरी बाजूही नीट पाहिली. "बाबा, मले दुखून नाही राहिलं," मुलगी म्हणत होती, पण तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. कागद खिशात घालून तो तिला घेऊन गेला.

पुढचे तीन आठवडे पोस्टमन जिन्यात दिसला की डॉक्टर हातातलं काम थांबवायचे. वकिलाची नोटीस आली असती तर नागपुरात ती गोष्ट चार दिवसांत सगळीकडे झाली असती, आणि चुकीचा दात काढणाऱ्याकडे आपलं पोर कोण आणणार? मला भीती वेगळी होती. ते मला विचारणार होते. ज्या माणसानं मुंग्यांची चौकशी केली तो मला सोडणार कसा? खरं सांगितलं तर नोकरी जाणार आणि मी परत उमरेडला. रोज सकाळी बसमध्ये मी उत्तर पाठ करायची, रोज एक नवीन. ते विचारायचेच नाहीत. चिठ्ठ्या आता ते स्वतः तीन तीनदा वाचायचे. मी पुढे सहा-सात वर्षं तिथं होते. त्यांनी पुन्हा कधी मुद्दाम चूक लिहिली नाही.

चौथ्या आठवड्यात बाप आला, मुलीला घेऊन. बरोबर वकील नव्हता.

"दुसऱ्या डॉक्टरले दाखवून आलो," तो म्हणाला. "त्यानंही तेच सांगतलं. एकच चूक हाय म्हणते, दुसरी काही सापडून नाही राहिली. मंग म्हटलं, पुरं तुम्हीच करा. पण आता दात काढाच्या टायमाले मी तिथं उभा राहीन. बोट लावून दाखवीन, हा काढा म्हणून."

"उभे राहा. मीही येतो," डॉक्टर म्हणाले.

"या. मंग तुमच्यावरबी ध्यान ठेवता येईन."

डॉक्टरांनी मान हलवली. ही अट त्यांना मनापासून पटली असावी. नवीन चिठ्ठी तिघांनी मिळून वाचली, मुलीनंसुद्धा, आणि दात काढायचा दिवस ठरवून बापलेक खाली गेले.

त्या दुपारी डॉक्टरांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं आणि स्वतःच्या हातानं सगळी हकीकत लिहायला घेतली. साचा कसा धरला होता, कोणाशी बोलत होते, काय लिहिलं. मी टेबलाच्या या बाजूला बसून होते. बाहेर कोणी पेशंट नव्हता. एका ठिकाणी त्यांचं पेन थांबलं.

"बाई, पाकिटात घालण्याआधी ती चिठ्ठी तुम्ही वाचली होती का?"

पाठ केलेलं एकही उत्तर मला आठवलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "त्या दिवशी वाचायची राहिली."

आता ते लिहून द्यायला सांगतील म्हणून मी थांबले. मी लिहून दिलंही असतं. पण त्यांनी मान डोलावली.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "वाचली असती तर तुम्ही मला सांगितलंच असतं."

त्या आवाजात संशय नव्हता. दोन वर्षं त्यांचा संशय मी रोज ऐकला होता, तो असता तर मला कळला असता. मला त्यांचा भयंकर राग आला. सगळ्या जगावर संशय घेतला, माझ्यावर तर रोज घेतला, आणि विश्वास ठेवायला नेमका हाच दिवस सापडला! रागामागून लाज आली. ती अजून गेलेली नाही.

त्यांनी शेवटची ओळ लिहिली आणि शाई वाळायच्या आत रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. 'चूक माझी एकट्याची.' मी ती अथपासून इतिपर्यंत नीट वाचली, आणि तेव्हाही काही बोलले नाही.